काखेतला नॅपकिन

आमच्या ह्यांना गोल्फचं वेड लागलं ते साहेबांमुळे. हे नागापूरच्या एका कारखान्यात सुपरवायझर. साहेब एकदा त्यांना लष्कराच्या मैदानावर घेऊन गेले आणि झालं, पन्नाशीत माणूस कामातून गेला.

पण चेंडू काही सरळ जाईना. लहानपणी आईबापांबरोबर पाथर्डीहून ऊसतोडीला जायचे, तेव्हापासून हाताला कोयत्याचं वळण. काठी फिरवताना उजवं कोपर असं बाहेर फेकायचे, जसा काही समोर ऊसच उभा आहे. तिथल्या शिकवणाऱ्यानं मग घरी करायला एक व्यायाम दिला. उजव्या काखेत नॅपकिन धरायचा आणि हळूहळू काठी फिरवायची. नॅपकिन पडला की चुकलं.

सावेडीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये रोज सकाळी हा तमाशा. हातात फरशी पुसायच्या मॉपची दांडी, काखेत माझा भांडी पुसायचा नॅपकिन. दांडी वर गेली की नॅपकिन खाली. उचलायला मीच, कारण ह्यांची कंबर धरलेली.

"अहो, गोल्फ खेळताय की ऊस तोडताय?"

हे हसायचे. "हाताला कोन सांगनार? त्याला तेवढंच येतं."

एकदा तर वैतागून मी म्हटलं, "चिकटवून टाका तो हात अंगाला, म्हणजे सुटले मी."

दिवाळीनंतर त्यांना लकवा झाला. उजवी बाजू गेली. जीव वाचला, बोलणंही सावकाश परत आलं, पण हात अंगाला चिकटला तो चिकटलाच. मला माझं ते बोलणं आठवलं. जीभ झडली असती तर बरं, असं वाटलं. अजून वाटतं.

एक दिवस हे म्हणाले, "नॅपकिन आन." मी आणून काखेत ठेवला. बराच वेळ दोघंही त्याच्याकडे बघत बसलो.

"बघ," हे म्हणाले, "आता पडत न्हाई." आणि हसले, अर्ध्याच तोंडानं. मी स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला आणि रडून घेतलं.

आता व्यायाम शिकवायला एक बाई येतात. हात अंगापासून सुटायला हवा, म्हणतात. म्हणून रोज सकाळी मी ह्यांची मिटलेली बोटं उलगडून मॉपची दांडी हातात देते, नॅपकिन काखेत ठेवते. "फेका कोपर बाहेर," म्हणते. "ऊस समजून फेका." हे डोळे मिटून जोर करतात, कपाळावर घाम येतो. मी समोर फरशीवर बसून नॅपकिन पडायची वाट बघते. अजून पडलेला नाही.