सकाळचे विषय

एकच विषय निवडायची सक्ती नाही, हीच गोष्ट गंगम्माला कॉलेजात सगळ्यात जास्त आवडली. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला तीन विषय घ्यायचे आणि त्यातला एक पुढे स्पेशल करायचा. तोवर मन कुठंही हिंडलं तरी चालत होतं.

तिनं भूगोल घेतला. नकाशात आपलं उदगीर बोटाच्या पेराइतकंही नसतं, याचं तिला लहानपणापासून नवल होतं. अर्थशास्त्र घेतलं ते वडिलांमुळं. गुरुपादप्पा अडत दुकानात दिवाणजी होते. माल आला की भाव का पडतो, हे त्यांना जन्मभर सांगता आलं नव्हतं. आणि कन्नड. घरात अव्वा, म्हणजे आई, कन्नडच बोलायची, पण अक्षर दोघींनाही येत नव्हतं. कर्नाटकात भालकीला आजोळी जाताना बसची पाटी दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घ्यावी लागे.

"तीन कशाला? एकात काय ते ठरव की," अप्पा म्हणाले.

"ठरत न्हाई अप्पा. म्हणून तर तीन."

"ठरव न्हाईतर ठरवू नको. घरचं काम अडलं त्या दिवशी कॉलेज बंद. मग म्हणू नको, अप्पानं सांगितलं नव्हतं."

घरचं काम म्हणजे पाणी. त्या साली मृग कोरडा गेला, आर्द्राही गेल्या. गल्लीतली विहीर तळ दाखवून बसली. टँकर सकाळी नऊच्या सुमाराला यायचा आणि तिचे तिन्ही विषय सकाळीच होते. बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडताना अव्वाच्या, म्हणजे सिद्धम्माच्या, कमरेवर दगड घसरला होता. तेव्हापासून ती भिंतीला धरून चालायची. अप्पा सौद्यासाठी उजाडताच बाहेर पडत. ते घरी असते तरी बायकांच्या रांगेत उभे राहिले नसते.

शेजारच्या बेगमबीनं तोड काढली.

"तू जा गे कॉलेजला. तुझी घागर मी सरकवते पुढं."

"खाला, लोक भांडतील."

"भांडू दे. नाव गंगम्मा आन घरात घोटभर पानी न्हाई! तुझ्या बापानं नाव ठेवताना आभाळाला इचारायला पायजे होतं."

तसं महिनाभर निभलं. गंगम्मा उजाडायच्या आत घागर रांगेत ठेवून जायची. परतताना बेगमबी दारातूनच विचारायची, "सुटलं का कॉलेज?"

"सुटलं, खाला."

"मग उचल तुझी गंगा."

पण रांगेचा एक कायदा होता. घागर जागा धरते, पण टँकर आल्यावर घागरीमागं माणूस लागतं. एका सकाळी बेगमबी तापानं फणफणली होती. टँकर आला, गंगम्माची बिनमाणसाची घागर कुणीतरी लाथेनं रांगेबाहेर काढली. तो आवाज ऐकून सिद्धम्मा भिंत सोडून धावली आणि पडली. गंगम्मा वर्गातून आली तेव्हा अव्वा चिखलात बसलेली होती. तिच्या मांडीवर चेपलेली घागर होती आणि आजूबाजूनं बायका पाणी भरून चालल्या होत्या.

त्या दिवसानंतर सिद्धम्मा अंथरुणावरून उठली नाही.

अप्पा ओरडले नाहीत. ते फक्त म्हणाले, "अडलं."

गंगम्मानं दुसऱ्या दिवशी कॉलेजचा कारकून गाठला. पंधरा ऑगस्टपर्यंत विषय बदलता येत होते. दुपारी इतिहास होता, राज्यशास्त्र होतं, समाजशास्त्र होतं.

"यातला आवडीचा कोणता?" कारकुनानं सहज विचारलं.

"दुपारचे," ती म्हणाली.

तीन विषयांत मन ठरत नव्हतं, तिन्ही गेले. ज्यांचा कधी विचार केला नव्हता असे तीन आले. पण कॉलेज राहिलं. सकाळी ती स्वतः घागरीमागं उभी राही, अव्वाचं अंग पुशी, आणि बाराला वर्गात जाऊन बसे.

झेंडावंदन झालं आणि दुसऱ्याच दिवशी लातूर जिल्हा झाला. चौकात फटाके वाजले, पेढे वाटले. आता उस्मानाबादला खेटे नकोत, लातूरला कचेऱ्या उघडतील, पोरांना नोकऱ्या लागतील, असं अप्पाही म्हणाले. भूगोलाच्या वर्गात भिंतीवरच्या नकाशात कुणीतरी लाल शाईनं नवी हद्द आखली होती. गंगम्मानं ती खिडकीतून पाहिली.

नव्या जिल्ह्यात टँकरच्या पाळ्याही नव्यानं लागल्या. त्यांच्या गल्लीला दुपार आली.

ती पुन्हा कारकुनाकडं गेली. सकाळचेच विषय परत हवेत म्हणाली.

"मुदत संपली की बाई."

"पण टँकर बदलला, साहेब. जिल्हा बदलला म्हणून."

"जिल्हा बदलला, विद्यापीठ न्हाई बदललं." त्यानं मान वर केली आणि त्याला बहुधा वाईट वाटलं. "पुढच्या वर्षी नव्यानं घे."

पुढच्या वर्षी अप्पांपुढं पुन्हा हा प्रश्न मांडायचा धीर तिला होणार नव्हता, हे तिला तिथंच उभं असताना समजलं.

दुपारी उन्हात रांग गल्लीच्या वळणापर्यंत गेली होती. गंगम्मानं चेपलेली घागर ठेवली आणि मागं उभी राहिली. आतून अव्वानं विचारलं, "नीर बंतेन?" पाणी आलं का?

बेगमबी काठी टेकत आली. तापातून उठल्यापासून तिला वेळेचं भान राहत नव्हतं.

"आज लवकर? सुटलं का कॉलेज?"

"सुटलं, खाला."

"बरं झालं," बेगमबी म्हणाली आणि आपली घागर तिच्या घागरीमागं सरकवली.