मित्राने भरलेली मोटर

पिंपळगावच्या एका शीतगृहात मोटरींची दुरुस्ती मी बघायचो. मोटर जळाली की तिच्यात नवी तार भरायला मी एकाच माणसाकडे द्यायचो. आयटीआयला आम्ही एका बाकावर बसायचो, एका डब्यात जेवायचो. त्याने भरलेली मोटर मी कधी उघडून पाहिली नाही. उघडायची म्हणजे त्याच्या तोंडावर संशय घ्यायचा, एवढंच मला कळायचं.

ऐन द्राक्षांच्या हंगामात पंख्याची एक मोटर घरघरू लागली. नुकतीच त्याने भरलेली. स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरीला आणि मूठ कानाला लावली, तर बेअरिंगची खरखर स्वच्छ ऐकू आली. हात टेकवत नव्हता इतकी ती तापली होती. बेअरिंग घासतंय म्हणून तापते, असं मी छातीठोकपणे सांगितलं आणि बेअरिंग बदललं. चार दिवसांत पुन्हा तेच रडगाणं. मग जाळीतला कचरा काढला, पट्टा सैल केला, व्होल्टेज तपासलं. सगळं ठीक.

वाइंडिंगमध्ये, म्हणजे भरलेल्या तारेत तर काही नसेल ना, असं मालकांनी दबकत विचारलं. मी उखडलोच. "ते माझ्या माणसाचं काम आहे. त्याची हमी माझी."

खोलीतली द्राक्षं मऊ पडू लागली, तसे मालक माझ्याशी बोलेनासे झाले. हातचं काम जाणार हे दिसत होतं. शेवटी मोटर खोलली.

तार वरून तांब्याच्याच रंगाची होती. ब्लेडने खरवडली, तर आत पांढरी. स्वस्तातलं अॅल्युमिनियम, तेही तांब्याच्याच जाडीचं; जाड घेतलं नाही तर ते तापतंच. म्हणजे आधी तार तापत होती, त्या उष्णतेने बेअरिंगमधलं ग्रीस वितळत होतं आणि मग बेअरिंग ओरडत होतं. मी सगळं उलटं धरून बसलो होतो.

तारेचा तुकडा घेऊन त्याचं दुकान गाठलं. त्यालाच कुणीतरी खोटी तार विकली असेल, एवढी एक आशा होती. तो दुसऱ्या कुणाची तरी मोटर भरत बसला होता. मी न विचारता त्याच्या समोरची तार खरवडली. आत लालभडक तांबं.

"मग माझ्याच मोटरीत का?"

त्याने हातातलं काम थांबवलं नाही. "बाकीचे उघडून पाहतात," तो म्हणाला. "तू नाय पाहत."

निदान खोटं तरी बोलायचं होतं त्याने. मी तेही खरं मानलं असतं.