मागून ओला लंगोट

मंगरूळपीरच्या बाजारात लतीफाचं शिलाई मशीन आहे. मशीनपेक्षा तिची जीभ जोरात चालते, असं खुद्द तिचा नवरा फय्याज सांगतो. बाळाचे लंगोट मात्र ती नव्या कापडाचे कधीच शिवत नाही. घरातल्या वापरलेल्या मलमलीचेच, हा तिचा हट्ट.

लेक अनमचं पहिलं बाळ बाराव्या दिवशी गेलं होतं. आईचं दूध बाधलं, असं अनमच्या सासूने गावभर केलं. आता दुसरा मुलगा झाला, तर पाचव्या दिवशी तोही सुकायला लागला. पोट फुगलेलं, वजन घटत चाललेलं आणि लंगोट सारखे चिंब. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "लघवी भरपूर होतेय. काळजी नको." सासू म्हणाली, "दूध तोडा." अनम रडत होती. लतीफाला राग आला होता, आणि राग आला की तिचं डोकं चालतं.

दवाखान्याच्या नळावर लंगोट धुताना तिनं पाहिलं की ओला आहे तो मागूनच. पाणीही साधं, डाग नाही. मग तिथल्याच बाकावर बसून तिनं सुईदोऱ्याने लंगोट शिवले, मधोमध प्लास्टिकची पट्टी घालून, म्हणजे पुढचं ओलं मागे जायला नको. दुपारपर्यंत चार बदलले आणि चारही डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवले.

"आजी, ही घाण उचला आधी!"

"उचलत नाई. तुमी लघवी म्हणून राह्यले ना साहेब? मंग पुढून कोरडं काहून? लेकरू काय मागून मुतते? हात लावून पाहा!"

डॉक्टरांचा चेहरा लाल झाला, पण त्यांनी हात लावला. बाळाला लघवीची पिशवी चिकटवली. पिशवीत चार थेंब, लंगोट पुन्हा चिंब. ती पाण्यासारखी पातळ शीच होती. तपासणीत तिच्यात मीठ भलतंच निघालं. आतड्याला मीठ शोषता येत नाही, असा जन्मजात, फार क्वचित होणारा आजार. जन्मभर मोजून क्षारांचं औषध द्यायचं, मग मूल वाढतं.

"मी चुकलो," डॉक्टर म्हणाले. "आणि हा दोष आईबाप दोघांकडून आला तरच होतो."

लतीफा तशीच विहिणीसमोर जाऊन उभी राहिली. "आयकलं? अर्धा तुमच्या पोराचा हाय. दुधाचं गावभर केलं ना? आता हेबी गावभर करा. नाईतर मी करीन!"

विहीण पदर सावरत खाली बसली. लतीफाही बसली, पण अनमजवळ.

"पयल्याचे लंगोट मीच धुतले होते, अनम. मीच म्हटलं होतं, लेकरू मस्त मुतून राह्यलं."

अनमने औषधाचा ड्रॉपर आईच्या हातात दिला.

आता कुणी बाळाचे लंगोट शिवून घ्यायला आलं की लतीफा आधी विचारते, ओलं पुढून होतं की मागून? बायका तोंडाला पदर लावून हसतात.

"हसा," ती म्हणते, "पण घरी जाऊन पाहा." मशीनच्या खणात पहिल्या नातवाचा एक लंगोट तिने धुऊन ठेवला आहे.