सगळ्या एकदम बोला

आधीच सांगते, माझं अक्षर चांगलं नाही. ओळ सरळ धरून लिहिते, तरी शेवटी खाली उतरते. ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीत जमले नव्हते आणि चौथीनंतर शाळाच नव्हती. सावनेरकडच्या आमच्या गावातून पाचवीसाठी दुसऱ्या गावाला चालत जावं लागे, आणि मुलींना कोणी पाठवत नसे. तेव्हा चुका असतील त्या वाचणाऱ्याने पोटात घालाव्यात. वाचणारं कोणी नाही म्हणा. हे मी माझ्यापुरतंच लिहिते, कारण तोंडाने सांगायला गेले की अर्धं आतच राहतं.

माझी मुलगी इंटरनेटवरून बोलण्याचं ॲप बनवते. बाया विचारतात, पोरगी काय करते, तर मी ‘कॉम्प्युटरचं’ एवढं म्हणून मोकळी होते. खरं काम असं. एखाद्या वेबसाइटवर ती एक बटण बसवून देते. ते दाबलं की समोरच्याकडे घंटी वाजते आणि दोघं बोलू लागतात. नंबर लावावा लागत नाही आणि कोणाचा नंबर कोणाला दिसतही नाही. डिप्लोमा झाल्यावर ती एका कंपनीत हेच करायची. कंपनीने नागपूरचं ऑफिस बंद करून सगळ्यांना पुण्याला बोलावलं, पण तेव्हा तिच्या बाबांचा दमा वाढला होता. ते कोराडीला ठेकेदाराकडे कामाला आहेत. ती गेली नाही. घरूनच करते म्हणाली.

तिला पहिलं मोठं काम मिळालं ते एका वधू-वर मंडळाचं. मंडळ चालवणारे सर निवृत्त मुख्याध्यापक, त्यांचं ऑफिस धंतोलीत एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. आधी ते दर वर्षी मुला-मुलींची पुस्तिका छापत. तिच्यात मुलींच्या घरचे फोन नंबर असत, आणि मग कोणीही उठून कधीही फोन करी. म्हणून त्यांनी वेबसाइट काढली. तिच्यावर प्रत्येक कुटुंबाचं आपलं पान, त्यावर फोटो टाकायचे, एकमेकांना निरोप लिहायचे. त्या पानावर बोलण्याचं बटण हवं होतं. सर म्हणाले, “दोन घरांचं बोलणं माझ्यासमोर नीट होऊ द्या, मग पैसे.”

पण सर्व्हरचं भाडं महिन्याच्या महिन्याला भरावं लागतं. ज्यांच्याकडे इंटरनेट नाही त्यांच्या साध्या फोनवर कॉल जायचा, तर मिनिटामागे पैसे कटतात, ते आधी भरून ठेवावे लागतात. आमच्याकडे ते नव्हते. मी आमच्या बचत गटातून माझ्या नावावर कर्ज घेतलं. कशासाठी, असं अध्यक्षबाईंनी विचारलं तेव्हा मला सांगता येईना. मी “पोरीच्या कामाले” म्हटलं आणि पदर सारखा करत बसले. अध्यक्षबाई म्हणाल्या, “हे कधी काही मागत नाही. द्या हिले.”

घरी बोलून पाहायला मीच होते. मुलगी आतल्या खोलीत कॉम्प्युटरपाशी, मी स्वयंपाकघरात कानात वायर घालून. घंटी वाजायची, मी फोन उचलायची आणि गप्प.

“आई, बोल ना.”

“काय बोलू?”

“झालं. एवढंच पाह्यजे होतं.”

असं रोज चालायचं. आवाज छान यायचा. तिला वाटलं काम झालं, मलाही वाटलं.

संक्रांतीनंतर सरांनी दोन घरं ठरवली. मुलीकडचे सरांच्याच ऑफिसात आले, मुलाकडचे आपल्या घरी होते. माझी मुलगी मला सोबत घेऊन गेली. मी भिंतीलगतच्या खुर्चीवर बसले. तिने एका माणसाने एका माणसाशी बोलण्याची तयारी केली होती, आणि लग्नाच्या मुलीसोबत आले किती, तर आई-वडील, मामा, मामी, मोठी बहीण, तिचा नवरा. सोयरिकीचं पहिलं बोलणं आपल्याकडे एकटा माणूस करतो का? तिच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्याही आलं नव्हतं, आणि माझी सोयरीक झाली तेव्हा ओसरीत पाय ठेवायला जागा नव्हती.

मामांनी फोन स्पीकरवर टाकून टेबलाच्या मधोमध ठेवला. तिकडेही तसंच केलं असणार. बोलणं सुरू झालं आणि फोन किंचाळायला लागला. इकडचा आवाज तिकडे जायचा, तिकडच्या माइकमध्ये शिरून परत इकडे यायचा. दोघं एकदम बोलले की एकाचं वाक्य अर्ध्यात तुटायचं. मामा मोठ्या माणसाच्या रुबाबात देण्याघेण्याचं काही सांगत होते, ते तिकडे पोचलंच नाही. त्यांना वाटलं समोरचे मुद्दाम मध्ये बोलून राहिले.

शेवटी मुलाच्या आत्याने त्या लग्नाच्या मुलीला विचारलं, नोकरी करायची आहे की घरी राहायचं आहे. मुलगी खाली मान घालून हळू आवाजात बोलली. मी तिच्यापासून हातभर अंतरावर होते, मला स्वच्छ ऐकू आलं. तिकडे काहीच गेलं नाही. आत्या पुन्हा विचारू लागली. मुलगी पुन्हा बोलली, आणखी हळू. मग तिकडून आवाज आला, “पोरगी मुकी तर नाही ना गा?” आणि हसणं. ते हसणं मात्र पूर्ण ऐकू आलं.

ती मुलगी उठून बाहेर जिन्यात गेली. तिच्या वडिलांनी फोन उलटा करून ठेवला.

सर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं होतं. चष्मा पुसत म्हणाले, “होळीपर्यंत दुरुस्त झालं तर ठीक. नाहीतर आपण आपली पुस्तिकाच छापू.”

त्यानंतर गटाचे हप्ते थांबले. सर्व्हरचं भाडं भरलं की हप्त्याला उरत नसे. मी बैठकीला जाणं टाळायला लागले. एका दुपारी अध्यक्षबाईच घरी आल्या, मागे गटातल्या सगळ्या. त्यांच्यात आमच्याच गल्लीतली एक आहे, ती कूलरला लावायच्या गवताच्या ताट्या बनवून विकते. उन्हाळ्याआधी माल भरला नाही तर तिचं वर्ष गेलं.

अध्यक्षबाई बसल्या आणि म्हणाल्या, “बँकवाला म्हणते, मागचं पुरं भरा, मंगच नवीन कर्ज. तुह्या एकटीपायी सगळ्या अडकल्या वं.”

ताट्यावाली म्हणाली, “होळीच्या आंधी गवत नाही घेतलं तर मंग मी काय विकू? कूलरले तुह्या पोरीचा कॉम्प्युटर लावू?”

“लाव न, हवा तरी येईन,” कोणीतरी मागून म्हणाली. हसल्या सगळ्या, पण ताट्यावाली हसली नाही.

“हसू नका वं. बोल ना बाई, काही तरी बोल. कधी देतं?”

मी चहा ठेवते म्हणून उठले. “चहा नको, जवाब दे,” ती म्हणाली. मग सगळ्याच एकदम बोलायला लागल्या. कोणी माझ्या बाजूने, कोणी माझ्यावर. गलका झाला.

माझी मुलगी दारात येऊन उभी होती. मला वाटलं ती लाजली असेल. पण ती कान देऊन ऐकत होती. गलका थोडा उतरल्यावर अध्यक्षबाईंना म्हणाली, “काकू, तुमचे पैसे ज्या कामात अडकले ना, ते काम बिघडलं ते असंच. सगळे एकदम बोलतात म्हणून. मले आठ-दहा जणी एकदम बोलणाऱ्या पाह्यजे. अर्ध्या इथं, अर्ध्या तुमच्या घरी. मदत कराल काय?”

“म्हणजे पैसेही आमचे अन् मजुरीही आमचीच?”

“हो,” मुलगी म्हणाली.

अध्यक्षबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “उद्या दुपारी. भांडे घासून.”

दुसऱ्या दिवशी अर्ध्या जणी अध्यक्षबाईंच्या घरी गेल्या, दोन गल्ल्या सोडून. अर्ध्या आमच्याकडे. दोन्हीकडे फोन स्पीकरवर. मुलगी आत कॉम्प्युटरवर. “सोयरीक आहे असं समजा,” ती ओरडून म्हणाली, “आणि सगळ्या एकदम बोला.”

अध्यक्षबाई मुलाची आई झाल्या. ताट्यावाली आमच्याकडून मुलीची आई.

“आमच्या पोराले गाडी पाह्यजे,” फोनमधून आलं.

“तुमच्या पोराले आंधी नोकरी पाह्यजे,” ताट्यावाली म्हणाली.

“ठेक्यावर हाये तो. पर्मनंट होणार हाये.”

“माहा नवराही लग्नाच्या वक्ती होणारच होता.”

आणि फोन किंचाळला. पहिले काही दिवस किंचाळतच होता. मुलगी आत काही तरी बदलायची, पुन्हा लावायची, पुन्हा किंचाळायचा. ती जेवायची नाही. ताट झाकून ठेवलेलं संध्याकाळी तसंच असे. बायांनाही कामं होती, एकेक कमी व्हायला लागली. ताट्यावाली मात्र येत राहिली. तिला दुसरा रस्ता नव्हता. हळूहळू किंचाळणं थांबलं. मग तुटणंही कमी झालं.

राहिला तो हळू आवाज. खोलीत गलका असला की मशीनला वाटायचं, मोठे आवाज म्हणजे माणसं आणि बारीक आवाज म्हणजे पंख्याची घरघर. ते बारीक तेवढं कापून टाकायचं. ती जिन्यात गेलेली मुलगी अशीच कापली गेली होती.

“आई, तू बोल,” मुलगी म्हणाली. “सगळ्या बोलत असताना तू तुझ्या आवाजात बोल. वाढवू नको. मी थांब म्हणेपर्यंत बोलत राह्य.”

“पण काय?”

“काहीही. कोणाले ऐकू जात नाही. त्याच्यासाठीच तर करून राहिली.”

त्या दिवशी बाया पुन्हा बऱ्याच जमल्या होत्या. तिकडे देण्याघेण्यावरून जोरात भांडण लागलं होतं, इकडून ताट्यावाली उत्तरं देत होती. मी फोनजवळ बसले, आत मुलगी एकेक बदल करत होती. आधी मी भाज्यांची नावं घेतली. मग शेजारणींची. मग सुचेना, आणि जे इतके दिवस घशात होतं तेच यायला लागलं. मी म्हटलं, मी तुमचे पैसे बुडवणार नाही. मला बैठकीत बोलता येत नाही म्हणून मी येत नाही. मी झोपत नाही. तिचा ताट्यांचा माल अडायला नको. माझ्या कानातलं सोनं आहे, आईने दिलेलं. ते मी मोडते. होळीच्या आत मोडते. तिच्या मालापुरतं त्यात होईल. उरलेलं पोरीचे पैसे आले की देते.

मी बोलत गेले. माझ्या शेजारी बसलेल्या ताट्यावालीला काही ऐकू गेलं नाही, ती गाडीवरून भांडत होती. पण फोनमधला तिकडचा गलका थांबला होता. ते माझ्या उशिरा लक्षात आलं. ताट्यावालीही थांबली. “काय झालं वं? हारल्या काय?”

मग फोनमधून अध्यक्षबाईंचा आवाज आला, अगदी समोर बसल्यासारखा.

“ऐकू आलं वं बाई. सगळं ऐकू आलं. आमी सगळ्यांनीच ऐकलं.”

मला जमिनीत जावंसं वाटलं. आत कॉम्प्युटरवर माझी मुलगीही तेच ऐकत होती. ती बाहेर आली, तिने माझ्या कानांकडे पाहिलं.

“मंग?” ताट्यावालीने विचारलं. “काय म्हणे?”

“होळीच्या आत म्हणते,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “पाच बायांनी ऐकलं हाये, आता पलटता येत नाही.” त्या ओरडल्या नव्हत्या. पण सूटही दिली नव्हती.

मी दोन दिवसांनी मुलीच्या बाबांना सांगून सराफाकडे गेले. सराफाने वजन केलं, मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत राहिले. पैसे आणून ताट्यावालीच्या हातात दिले, अध्यक्षबाईंनी ते माझ्या कर्जात जमा धरले. ती माल आणायला त्याच दुपारी गेली. कान हलके वाटतात, त्याची सवय लागायला वेळ लागला.

होळीच्या आधल्या आठवड्यात सरांच्या ऑफिसात पुन्हा बोलणं लावलं. तीच मुलगी आली, मुलाचं घर दुसरं. मला आत बसवेना. मी जिन्यात उभी राहिले. आतून सगळे एकदम बोलत होते, आणि कोणाचंच तुटत नव्हतं. मग मुलाच्या आईने विचारलं आणि ती मुलगी तशाच हळू आवाजात म्हणाली, “माझा बी.एड.ला नंबर लागला आहे. ते झाल्याशिवाय मी लग्न करणार नाही.” तिकडून उत्तर आलं, “असं काय. मग आम्हाला थांबता येणार नाही.”

सर बाहेर आले. मला वाटलं आता गेलं. ते म्हणाले, “जुळलं नाही. पण पोरीचं म्हणणं पोचलं. बटण राहू द्या.”

पैसे मात्र लगेच आले नाहीत. मंडळाच्या समितीची बैठक, मग कोणाची सही, मग एकजण गावाला गेलेले. माझी मुलगी धंतोलीला खेपा घालत राहिली. ऊन वाढलं. ताट्यावालीचा माल संपत आला, ती माझ्याशी रस्त्यात बोलायची, पण पैशाचं काढायची नाही. अध्यक्षबाई काढायच्या. प्रत्येक भेटीत काढायच्या. मी आता बैठकीला जायची आणि विचारलं की “नाही आले अजून” एवढं स्वतः सांगायची.

वैशाख सरताना सरांनी अर्धे दिले, जूनमध्ये उरलेले. मुलीने पाकीट माझ्याकडे दिलं. तिला सोबत चल म्हटलं तर नको म्हणाली, “कर्ज तुझ्या नावावर आहे, आई.” मी एकटी बैठकीला गेले. अध्यक्षबाईंनी नोटा मोजल्या, ताट्यावालीकडे पुन्हा मोजायला दिल्या, तिनेही मोजल्या. व्याजासकट बरोबर होते.

“पुरे झाले,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “आता तुह्यावर काही नाही.”