‘आई, येऊ का?’

अर्धांगवायूनं आईची वाचा गेली, तेव्हा तिला सांभाळायला नर्सिंग ब्यूरोकडून एक बाई आमच्या कोथरूडच्या फ्लॅटवर येऊ लागल्या. बोलणं विदर्भाकडचं. आयटी कंपनीत माझं कामच दुसऱ्यांच्या चुका काढायचं, त्यामुळे पहिल्याच दिवशी मी त्यांचं ओळखपत्र, हातमोजे, पलंगाचा कठडा, सगळं तपासलं. सगळं चोख होतं.

एकच सवय मला विचित्र वाटायची. उघड्या दारावरही त्या टकटक करत. "आई, येऊ का?" मग थांबत. "आई, अंग पुसू का?" पुन्हा थांबत.

"अहो, ती काय उत्तर देणार आहे?" मी एकदा खास पुणेरी सुरात विचारलं.

"बोलत नाहीत त्या. पण अंग तर त्यांचंच आहे नं."

एका सकाळी त्यांनी गरम पाण्याची बादली आणली, विचारलं, आणि आईनं तोंड भिंतीकडे फिरवलं. मला ऑफिसची घाई. "टाका उरकून" म्हणणारच होतो. तोवर बाईंनी बादली उचललीसुद्धा.

"आज नको म्हणतात. दुपारी विचारते."

एके काळी आईच्या ‘नको’पुढे सोसायटीच्या चेअरमनचंही काही चालत नसे. आजारपणात मात्र औषधापासून आंघोळीपर्यंत सगळं आम्हीच ठरवत होतो. मला त्या बाईंपुढे तिथल्या तिथे हात जोडावेसे वाटले.

मी वाकून पाहिलं. आईच्या ओठांचा एक कोपरा वर गेला होता. भांडण जिंकल्यावर ती अशीच हसायची.