कोऱ्हाळ्याला जाताना मी दुभाषी

स्वारगेटहून नीरेमार्गे बारामतीला जाणारी एसटी सुटली, तेव्हा योहानाबाईंनी खिडकी पकडली आणि मांडीवरची पिशवी घट्ट धरली. पिशवीत त्यांनी स्वतः विणलेला निळा स्वेटर होता. या हॉलंडच्या बाई कोऱ्हाळे बुद्रुकच्या सुजाताच्या शिक्षणाचा खर्च कित्येक वर्षं करत होत्या. दोघींची पत्रं पुण्यात आमच्या मदतसंस्थेच्या कार्यालयात येत, आणि मी सुजाताची इंग्रजीत, बाईंची मराठीत करी. सुजाताचं प्रत्येक पत्र ‘प्रिय योहानाआई’ असं सुरू होई. मला आई म्हणणारं कुणी नाही. तिची व्यालेली गाय, गणिताची भीती, सगळं आधी मला कळे. मनातून मी तिला माझीच समजत होते.

नीरा ओलांडल्यावर रस्ता उसाच्या बैलगाड्यांनी भरला. सोमेश्वरनगरला साखर कारखान्याच्या फाटकाशी एसटी बराच वेळ अडकली. मळीच्या वासानं मी नाकाला रुमाल लावला. बाई मात्र गाड्यांचे फोटो काढत होत्या.

कोऱ्हाळ्यात सुजाताच्या आईनं ‘जय भीम’ म्हणून आम्हाला घरात घेतलं. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, त्यांच्याखाली योहानाबाईंचा फोटो. सुजाता बाईंना बिलगली. मग माझ्याकडं वळून तिनं विचारलं, “म्याडम, तुमी कुठल्या?”

मी माझं गाव सांगितलं. आणखी काय सांगणार?

स्वेटर फारच तोकडा निघाला. बाईंनी जुन्या फोटोवरून माप धरलं होतं. त्यांचा चेहरा उतरला आणि मला बरं वाटलं. पण सुजातानं तो अंगात चढवला. बाह्या कोपराशी आल्या, बाहेर ऊन तापलं, तरी तिनं तो काढला नाही. मी आणलेलं फ्रॉकचं कापड तिनं नीट घडी घालून फळीवर ठेवलं.

जेवायला बाजरीची भाकरी, वांग्याचं झणझणीत कालवण आणि इंदापूरच्या मामानं पाठवलेली डाळिंबं होती. बाईंना कालवण झोंबलं. आईनं त्यांना भाकरीवर दही वाढलं. माझ्याही डोळ्यांतून पाणी येत होतं, ते कुणी पाहिलं नाही.

जेवणानंतर बाई बोलत होत्या, मी मराठीत सांगत होते. मध्येच सुजातानं माझ्या हातावर हात ठेवला.

“आता तुमी नका सांगू. माझं मी बोलते.”

शब्द जुळवत, अडखळत तिनं इंग्रजीत विचारलं, परत कधी येणार? बाई म्हणाल्या, वय झालं, आता येणं व्हायचं नाही. ते तिला माझ्याशिवाय समजलं. दोघी हातात हात घेऊन बसून राहिल्या. मी उठून अंगणात गेले.

निघताना सुजाताची आई बाईंना काहीतरी म्हणाली. परतीच्या एसटीत बाईंनी त्याचा अर्थ विचारला. तिनं तुमचे आभार मानले, एवढं सांगून भागलं असतं. पण माझ्या तोंडून खरं तेच निघालं.

“ती म्हणाली, ‘माझ्या पोरीला दोन आया हायेत. एक हितं, एक तितं.’”

बाई खिडकीकडं तोंड करून रडू लागल्या. मी त्यांना माझा रुमाल दिला. पुणं येईपर्यंत मला त्यांचा हेवा वाटत होता. इतकी वर्षं त्या दोघींची माया माझ्या हातून इकडून तिकडं गेली, आणि तिसरी आई कुणालाच नको होती.