ड्रिलचे पांढरे बूट

"दामलेबाई, हे बूट आहेत की चिखलाची घमेली?"

मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या हेडमिस्ट्रेसनी, मला बोलावून घेतलं होतं. त्यांच्या टेबलासमोर सातवीतली इंदू मान खाली घालून उभी. पायांत कॅनव्हासचे बूट. शाळा सुरू झाली तेव्हा पांढरेशुभ्र होते. आता रंग ओळखायला विचार करावा लागत होता.

मी नाशिकच्या एका मुलींच्या शाळेत ड्रिल शिकवत असे. एकोणीसशे तीसनंतरची ती वर्षं. मुलींनी मैदानात हातपाय हलवावेत, हेच पुष्कळांना पटत नव्हतं. त्यात आमच्या कमिटीच्या चेअरमननी वर्गाला बूट दिले. कॅनव्हास म्हणजे जाड सुती कापड, खाली रबराचा तळ. चामड्याचा विटाळ नाही, म्हणून घरोघरी चालून गेले.

"ड्रिलपुरते घाला आणि कपाटात ठेवा," मोठ्या बाई म्हणाल्या.

"रोज घातल्याशिवाय पाय सरावत नाही, बाई. कधीमधी घातले तर नुसते फोड येतात."

"मग पांढरे कसे राहणार? गॅदरिंगला कमिटी येणार. ड्रिल बंद करून त्या तासाला शिवण लावा, म्हणणारे त्यातले दोघे टपूनच बसलेत. हे बूट दिसले की झालं. मी कुणाकुणाशी भांडू?"

शिवणाशी माझं वैर नाही. पण या मुली आठवड्यात तेवढ्याच वेळी धावत. शाळा सुटली की मान खाली घालून थेट घर. तो तास मी सोडणार नव्हते.

"रोज घालतील आणि पांढरेही ठेवतील," मी ठणकावून सांगितलं. कसे, ते मला अजून ठाऊक नव्हतं.

मुलींना म्हटलं, घरी धुऊन आणा. दुसऱ्या दिवशी मैदानावर प्रदर्शनच भरलं. काहींचे बूट पिवळे पडले होते. एकीच्या आईनं धोतरांना घालतात तशी नीळ घातली होती, ते आकाशी झाले. मखमलाबादकडच्या मळ्यातून येणाऱ्या गोदीनं ओला चिखल चोळून चोळून कापडात मुरवला होता.

"बाई, लय घासलं, पन निघतच नाय," ती रडवेली होऊन म्हणाली.

आणि इंदूचे वडील स्वतः आले. ते पंचवटीत यात्रेकरूंची पूजा सांगत. उपरणं सावरत दारातच थांबले.

"बाई, आमच्या विहिरीवर धुण्याचा दगड एकच. त्यावर पूजेचं सोवळं धुतात. काल या कार्टीनं त्याच दगडावर बूट आपटले. घरादाराला पुन्हा आंघोळी कराव्या लागल्या. पुरे झालं हे ड्रिल."

"शाळेत धुतले तर चालेल, गुरुजी?"

"जोडे धुणं हे आमच्या मुलीचं काम आहे का?"

"दुसऱ्याचे नाही, स्वतःचेच. हातपाय धुऊन घरी येईल."

त्यांनी उपरणं झटकून पुन्हा खांद्यावर टाकलं. "आमच्या दगडाला लागता कामा नयेत," एवढं म्हणून निघून गेले. नाही म्हणाले नव्हते, म्हणजे हो, असं मी धरून चालले.

त्याच दुपारी शाळेच्या हौदापाशी पदर खोचून बसले आणि आधी माझे बूट धुतले. मीही तसलेच बूट घालत असे, नऊवारीखाली. रस्त्यात लोक हसायचे. हसेनात का! मुली घुटमळत उभ्या होत्या. सगळ्यांत आधी इंदू बसली, मग एकेक करून साऱ्या.

चुकत माकत पद्धत बसली. ओल्या चिखलाला हात लावायचा नाही. तो वाळू द्यायचा आणि नारळाच्या शेंडीनं झाडून टाकायचा. रोज एवढंच. रोज पाणी लावलं तर तळ सुटायला लागतो. शनिवारी अर्धी शाळा, तेव्हा नाड्या काढून धुणं. बूट पिवळे पडत ते साबणामुळे. तो कापडात राहिला आणि उन्हात वाळला की डाग धरतो. म्हणून नितळ पाणी येईपर्यंत खळबळायचे आणि पडवीत सावलीला ठेवायचे. वाळण्याआधी खडूचा हात. फळ्याखालचे तुकडे कुटून, वस्त्रगाळ करून, पाण्यात कालवायचे. हात पातळच हवा. जाड दिला की चालताना पापुद्रे सुटतात.

गोदीनं आपली तोड काढली. "पाटाच्या चिखलातून अनवानी येते बाई, बूट हातात. सडक लागली का घालते."

गॅदरिंगच्या दिवशी मुली मैदानात उतरल्या तेव्हा मला अभिमान वाटला, तो मी लपवला नाही. ड्रिल बिनचूक झालं. चेअरमन उठून रांगेजवळ आले. कपाळावर आठ्या.

"बाई, बूट मुलींना वापरायला दिले होते. हे तर आजच कपाटातून काढलेले दिसतायत."

मोठ्या बाईंचा चेहरा पडला. शिवणवाल्यांपैकी एक लगेच म्हणाले, "मी म्हटलंच होतं. मुलींना काय करायचेत बूट? ड्रिल तरी खरंच होतं का, कोण जाणे."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्यांना समजावत बसण्यात अर्थ नव्हता. मी शिट्टी वाजवली.

"अबाउट टर्न!"

सगळी रांग पाहुण्यांकडे पाठ करून उभी राहिली.

"उजवा पाय गुडघ्यात मागे... उचल!"

हालचाल आमच्या नेहमीच्या व्यायामातलीच. पण आता कमिटीसमोर बुटांचे तळच तळ होते. टाचा एका बाजूनं झिजलेल्या, रबरावरच्या रेघा पार पुसलेल्या. इंदूच्या तळाला तर सायकलच्या ट्यूबचं ठिगळ. थोरामोठ्यांना जोड्याचा तळ दाखवायचा म्हणजे काय! पालकांत बसलेल्या इंदूच्या वडिलांनी डोळेच मिटून घेतले.

चेअरमन रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वाकून पाहत गेले. मग सरळ झाले.

"यांना नवे लागतील," ते म्हणाले. "आणि बाई, पोरींना पाय खाली घेऊ द्या आता."

ड्रिलचा तास राहिला. मोठ्या बाईंनी दुसऱ्या दिवशी मला उद्धटपणाबद्दल समज दिली आणि दार लावून पोटभर हसल्या.

नोकरीत मी एक शिकले. काम फार स्वच्छ केलं की बघणाऱ्याला वाटतं, ते केलंच नाही. अशा वेळी खालची बाजू दाखवायला लाजू नये, समोर कोणीही बसलेलं असो.